जुने संगीत नाटक पुन्हा रंगमंचावर आणताना : छोट्या संस्थेसाठी कामाचा क्रम

हौशी किंवा छोटी स्वतंत्र संस्था जुने संगीत नाटक उचलते तेव्हा चूक बहुतेक वेळा क्रमात होते, हेतूत किंवा मेहनतीत नव्हे. आधी नाट्यगृहाची तारीख मिळते, मग नट ठरतात, मग पुस्तकाच्या झेरॉक्स प्रती वाटल्या जातात, गद्याच्या तालमी सुरू होतात आणि ‘गाणी नंतर बसवू’ असे म्हणत संगीत शेवटच्या तीन आठवड्यांवर येऊन पडते. रंगीत तालमीत नाटक चार तासांचे झाल्याचे लक्षात येते आणि घाईघाईने हाताला लागतील ती पदे कापली जातात. आमच्या पहिल्या संगीत नाटकाच्या वेळी आम्ही अगदी असेच केले होते. नायिकेची चार पदे प्रयोगाच्या सहा दिवस आधी वगळावी लागली आणि उरलेल्या पदांच्या आधीचे संवाद कोठेच जुळेनात.

संगीत नाटकात गद्य आणि पद वेगळे करता येत नाहीत, म्हणून संहिता, चाली, सूर आणि वेळ या चार गोष्टी नट उभा राहण्यापूर्वी पक्क्या व्हायला हव्यात. खालचे टप्पे त्या दृष्टीने लावले आहेत. पहिल्या वाचनापासून पहिल्या प्रयोगापर्यंत पाच ते सहा महिने धरावेत. त्यातले पहिले दोन महिने तालमीचे नसतात, हे संस्थेतील सर्वांना आरंभीच स्पष्ट सांगावे.

१. नाटकाची निवड

क्वचित होणारे नाटक निवडताना ‘हे कोणी करत नाही’ हे कारण पुरेसे नाही. ते का होत नाही, हे आधी शोधावे. काही नाटके पात्रांच्या संख्येमुळे मागे पडली आहेत, काही भाषेमुळे, तर काही केवळ त्यांच्या चाली हरवल्यामुळे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांची ‘वीरतनय’ (१८९६) किंवा ‘मूकनायक’ (१९०१) यांसारखी नाटके घेणाऱ्या संस्थेसमोर तिसरी अडचण ठळकपणे उभी राहते. कोल्हटकरांनी पारशी-उर्दू रंगभूमीवरच्या त्या काळच्या लोकप्रिय चाली मोठ्या प्रमाणावर घेतल्या. पुस्तकात पदाच्या डोक्यावर मूळ गाण्याचे पहिले शब्द छापलेले सापडतात, पण ते गाणे आज कोणाच्या कानात नसते. खाडिलकरांच्या ‘विद्याहरण’ (१९१३) किंवा ‘द्रौपदी’ (१९२०) यांच्या बाबतीत स्थिती बरी आहे, कारण त्यांतील काही पदे मैफलीत आणि ध्वनिमुद्रणांत टिकून राहिली. देवलांचे ‘शापसंभ्रम’ या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी येते.

निवड करताना तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. मुख्य गाणाऱ्या भूमिकांसाठी संस्थेत किंवा संस्थेच्या ओळखीत प्रत्यक्ष गाऊ शकणारी माणसे आहेत का? किमान निम्म्या पदांच्या चाली मिळण्याची खात्री आहे का? आणि नाटकाचे कथानक तीन तासांच्या आत सांगता येईल का? यांतील एकाचेही उत्तर ‘नंतर पाहू’ असे येत असेल, तर ते नाटक पुढच्या वर्षासाठी ठेवावे.

इशारा : गाता येणारा पण अभिनय न येणारा नट पाच महिन्यांत पुष्कळ शिकतो. अभिनय येणारा पण सुरात नसलेला नट तेवढ्या काळात नाट्यपद गाऊ लागत नाही. मुख्य भूमिकांच्या बाबतीत या सत्याशी तडजोड करू नये.

२. हक्कांची तपासणी

भारतात साहित्यकृतीचा आणि संगीतकृतीचा स्वामित्वहक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे टिकतो. त्यामुळे देवल (मृत्यू १९१६), गडकरी (१९१९), कोल्हटकर (१९३४) आणि खाडिलकर (१९४८) यांच्या नाटकांना लेखकाच्या बाजूने परवानगी लागत नाही. सावरकरांच्या नाटकांवरील हक्क मात्र २०२६ च्या अखेरपर्यंत आहे, आणि विद्याधर गोखले यांचे निधन १९९६ मध्ये झाल्यामुळे त्यांच्या नाटकांसाठी वारसांची लेखी परवानगी २०५६ च्या अखेरपर्यंत घ्यावी लागेल.

येथे नेहमी होणारी चूक म्हणजे नाटककाराचे नाव पाहून थांबणे. पदे लिहिणारा आणि चाल लावणारा वेगळा असू शकतो. ‘एकच प्याला’चे गद्य गडकऱ्यांचे आहे, पण पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत. १९६० नंतरच्या अनेक नाटकांचे संगीत जितेंद्र अभिषेकींचे आहे आणि त्यांचे निधन १९९८ मध्ये झाले. तेथे नाटककाराच्या वारसांनी होकार दिला तरी संगीताचा प्रश्न स्वतंत्रपणे सोडवावा लागतो. जुने नाटक, पण चाली नंतरच्या कोणा संगीतकाराने नव्याने बांधलेल्या, असेही पुष्कळदा असते. ध्वनिमुद्रणावरचा हक्कही वेगळा असतो. जुनी तबकडी ऐकून पद शिकणे ही एक गोष्ट आणि ती तबकडी प्रयोगात वाजवणे ही दुसरी.

पडताळा : नाटककार, पदकार, संगीतकार आणि रूपांतर असल्यास रूपांतरकार, अशा चार रकान्यांचा तक्ता करून प्रत्येकाच्या मृत्यूचे वर्ष लिहावे. एकही रकाना रिकामा असेल तर पुढचा खर्च करू नये.

३. कोणती प्रत धरायची

बाजारात मिळालेली पहिली प्रत प्रमाण मानू नये. संगीत नाटकांच्या आवृत्त्यांमध्ये पदांची संख्या, क्रम आणि कधी कधी प्रवेशही बदललेले असतात. याची कारणे त्या नाटकांच्या घडणीतच आहेत. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला तो पहिल्या चार अंकांचा होता, आणि त्यांचे ‘सौभद्र’ही १८८२ मध्ये आधी तीन अंकांचेच रंगमंचावर आले. देवलांचे ‘फाल्गुनराव’ गद्य होते. त्यात पदे घालून ‘संशयकल्लोळ’ १९१६ मध्ये झाले. म्हणजे एकाच नाटकाची छापील प्रत, सुधारलेली प्रत आणि एखाद्या नाटक मंडळीने प्रयोगासाठी वापरलेली रंगावृत्ती ही तीन वेगळी कागदपत्रे असू शकतात.

किमान दोन आवृत्त्या मिळवाव्यात आणि त्यांतली एक शक्य तितकी जुनी असावी. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे मराठी ग्रंथालय, पणजीचे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आणि जिल्ह्याच्या ठिकाणची जुनी नगर वाचनालये येथे शोध घ्यावा. दोन्ही प्रती समोर ठेवून दोघांनी मोठ्याने वाचून फरक नोंदवावेत. एकट्याने डोळ्यांनी तपासले की पदांतले शब्दभेद हमखास निसटतात. त्यानंतर संपूर्ण संहिता नव्याने टाइप करून घ्यावी, प्रत्येक पदाला क्रमांक द्यावा आणि यापुढे सर्वांनी तो क्रमांकच वापरावा. ‘ते दुसऱ्या अंकातले लांब पद’ अशा भाषेत तालमीचा बराच वेळ वाया जातो.

४. चालींचा शोध

प्रत्येक पदासमोर राग, ताल, छापील ‘चाल’ आणि चालीचा आधार असे चार रकाने करावेत. आधार म्हणजे छापील स्वरलिपी, ध्वनिमुद्रण, किंवा प्रत्यक्ष गाणारी व्यक्ती. तिन्हींना सारखे वजन देऊ नये.

प्रत्यक्ष गाणारी व्यक्ती हा सर्वांत मोलाचा आधार आहे. पद कोठे उचलायचे, गद्यातून स्वरात कसे शिरायचे, कोणत्या शब्दावर थांबायचे, हे केवळ स्वरलिपीतून कळत नाही. पुणे, सांगली, रत्नागिरी, मुंबई येथे संगीत नाटकांत कामे केलेली ज्येष्ठ मंडळी आहेत, आणि गोव्यात देवळांच्या उत्सवांत संगीत नाटके होत आल्यामुळे तेथील अनेक गावांत जुन्या चाली माहीत असलेले गायक आणि पेटीवादक सापडतात. त्यांच्याकडे जाताना टाइप केलेले पद मोठ्या अक्षरांत घेऊन जावे, संपूर्ण पद एकदा न अडवता गाऊ द्यावे, परवानगीने ध्वनिमुद्रण करावे आणि मगच प्रश्न विचारावेत. मध्येच अडवले की आठवणीतली ओळ तुटते आणि पुन्हा सापडत नाही.

ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत एक गैरसमज फार पसरलेला आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन ते साडेतीन मिनिटे मावत. गायकाने पद त्या मर्यादेत बसवलेले आहे. लय वाढवलेली, अंतरा आटोपता घेतलेला, ताना शेवटी दाटीवाटीने भरलेल्या, असे त्यात ऐकू येते. ती रंगमंचावरची लय नव्हे. शिवाय तबकडी कोणत्या वेगाने फिरवून तिचे रूपांतर केले यावर तिचा सूर अवलंबून असल्यामुळे ‘मूळ गायक अमुक पट्टीत गात असे’ हा निष्कर्षही त्यावरून काढू नये. तबकडीवरून चालीचा आराखडा घ्यावा. लय प्रसंगाकडून घ्यावी.

साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत, ओवी असे नाव पदावर छापलेले असेल तर ती चाल हरवलेली नाही. ही बांधणी कीर्तनपरंपरेत आजही जिवंत आहे आणि जाणता कीर्तनकार ती अर्ध्या तासात शिकवू शकतो. अनेक संस्था अशा पदांना अकारण नवे संगीत देतात आणि नाटकाचा पोत बिघडवतात.

ज्या पदांची चाल खरोखरच मिळत नाही, तेथे नवी चाल बांधणे योग्य आहे, परंतु ती छापील राग-तालाच्या चौकटीत बांधावी आणि कार्यक्रमपत्रिकेवर तसे स्पष्ट लिहावे. प्रेक्षकांतला जाणकार नव्या चालीवर रागावत नाही. नवी चाल जुनी म्हणून दिली तर रागावतो, आणि ते रास्तच आहे.

५. संपादन : सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा

‘शाकुंतल’मध्ये दोनशेहून अधिक पदे आहेत. ती नाटके रात्रभर चालत असत, आणि आजचे नाट्यगृह सत्राच्या वेळेने बांधलेले आहे. काटछाट करावीच लागते, म्हणून ती कशी करावी याला महत्त्व आहे.

प्रथम वेळेचा हिशेब मांडावा. मध्यंतर सोडून १६५ मिनिटांचा प्रयोग धरला, तर सरासरी तीन मिनिटांची वीस पदे म्हणजे साठ मिनिटे, वन्समोअरसाठी दहा, नांदी आणि प्रवेशबदल मिळून दहा, आणि गद्यासाठी उरतात पंच्याऐंशी मिनिटे. हे आकडे नाटकाप्रमाणे बदलतील, पण बेरीज आधी करावी. वन्समोअरची दहा मिनिटे हिशेबात न धरणे ही नित्याची चूक आहे. चांगल्या गायकाला ती मिळणारच.

त्यानंतर प्रत्येक पदाचे काम ठरवावे. काही पदे कथानक पुढे नेतात, काही दोन पात्रांमधला संवादच असतात, काही मनःस्थिती विस्ताराने मांडतात आणि काही केवळ वर्णन करतात. वर्णनाची पदे आधी कमी करावीत. किर्लोस्कर आणि देवल यांच्या नाटकांत मात्र जपून चालावे, कारण तेथे पदात सांगितलेली माहिती गद्यात पुन्हा येईलच असे नाही. असे पद काढले तर पुढच्या प्रवेशात पात्र जे बोलते त्याचा संदर्भच नाहीसा होतो. खाडिलकरांच्या नाटकांत बहुतेक वेळा गद्य प्रसंग पूर्ण करते आणि पद त्यातला भाव फुलवते. तेथे पद काढल्याने कथानकाला धक्का लागत नाही, पण भूमिकेचा चढ नाहीसा होतो. दोन्ही ठिकाणी नुकसान वेगळे असते, म्हणून एकच नियम सर्व नाटकांना लावता येत नाही.

पदाआधीचे शेवटचे वाक्य पवित्र मानावे. त्या वाक्यातला शब्द किंवा भाव पदाच्या पहिल्या ओळीत उचललेला असतो, नट त्या वाक्याच्या उतारावरून सुरात शिरतो आणि ऑर्गनवादक त्याच वाक्यावर हात ठेवतो. गद्य कमी करताना नेमके हेच वाक्य ‘पुन्हा तेच सांगितले आहे’ म्हणून कापले जाते आणि मग पद कोठूनतरी आणून चिकटवल्यासारखे वाटते. पदाच्या आधीची तीन वाक्ये आणि नंतरचे एक वाक्य संपादनात हात न लावता ठेवावे. कापायचे असेल तर त्याच्या मागे जाऊन कापावे.

पदातली कडवी कमी करतानाही हीच दक्षता घ्यावी. पहिला अंतरा ठेवून बाकीचे सोडून देणे सोपे असते, पण कित्येक पदांत निर्णय किंवा कलाटणी शेवटच्या कडव्यात येते. तेथे मधले कडवे गाळावे.

आता उरलेल्या पदांची यादी क्रमाने लावून प्रत्येकापुढे लय लिहावी. लागोपाठ दोन विलंबित पदे, किंवा एकाच रागाच्या जवळची तीन पदे आली असतील तर वाचताना जाणवत नाही, प्रयोगात मात्र दुसऱ्या अंकाच्या मध्यावर प्रेक्षागृह शिथिल होते. ज्या प्रवेशात नट धावत येतो, झटापट करतो किंवा मोठ्याने ओरडतो, त्याला त्यानंतर निदान अर्धे पान बोलू द्यावे आणि मग गायला लावावे.

भाषेबद्दल माझे मत ठाम आहे : शब्द बदलू नयेत, वाक्ये वगळावीत. जुन्या वाक्यात मध्येच आजचा शब्द आला की नटाची जीभ अडखळते आणि प्रेक्षकाचा कान दचकतो. कोल्हटकर आणि गडकरी यांच्या कोट्यांच्या बाबतीत चार कोट्यांपैकी दोन ठेवाव्यात, पण त्या पूर्ण ठेवाव्यात. जातीवरून किंवा स्त्रियांवरून केलेले जे विनोद आज बोलवत नाहीत, त्यांचा निर्णय दिग्दर्शकाने संपादनाच्या टप्प्यातच लेखी घ्यावा. तो नटाच्या ऐनवेळच्या संकोचावर सोडू नये. मात्र नाटकाचा विषयच जेथे अन्याय आहे, तेथे तो सौम्य करू नये. जरठ-कुमारी विवाहावरचे ‘शारदा’ सौम्य केले तर उरत काहीच नाही.

नांदी ठेवावी. आजच्या प्रेक्षकाला आत घेण्याचे काम ती दोन-तीन मिनिटांत करते, आणि साथीदारांना नाट्यगृहाचा अंदाज येतो.

पडताळा : संपादित संहिता पूर्ण वेळ बसून, पदांसह, घड्याळ लावून वाचावी. पदे येत नसतील तर तेथे तीन मिनिटे थांबावे. हे वाचन १५० मिनिटांच्या पुढे गेले तर आणखी कापावे. उभ्या प्रयोगात ते नक्की वाढते.

६. परिनिरीक्षण आणि नाट्यगृह

महाराष्ट्रात प्रयोगापूर्वी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता सादर करून प्रमाणपत्र घ्यावे लागते. जी संहिता प्रत्यक्ष सादर होणार आहे तीच, म्हणजे संपादित प्रत, पाठवावी. शंभर वर्षांपूर्वीचे नाटक आहे म्हणून प्रमाणपत्राची गरज नाही, हा समज चुकीचा आहे. नाट्यगृहाची तारीख या टप्प्यावर मागावी, त्याआधी नको. तारीख घेताना नेपथ्य लावणे, ध्वनीची चाचणी, प्रयोग आणि आवराआवर हे सारे एका सत्रात बसते का, हे नाट्यगृहाच्या नियमांत पाहावे. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांचा स्वतंत्र विभाग असतो. नव्या संस्थेला पहिल्या प्रयोगासाठी तो चांगला मार्ग आहे, मात्र त्याचे वेळेचे नियम संपादन सुरू करण्यापूर्वीच वाचावेत.

७. पात्रयोजना आणि सुरांचा तक्ता

जुन्या नाटकांतील स्त्रीभूमिका पुरुष नटांनी गाण्यासाठी बांधल्या गेल्या होत्या. आज त्या स्त्रिया गातात, त्यामुळे पट्टी बदलते आणि तिच्याबरोबर बाकीचे सारे हलते. गायकाचा षड्ज पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्रमांकाने सांगतात : पुरुष गायक बहुधा काळी एकच्या आसपास गातात, गायिका काळी चार किंवा काळी पाचच्या आसपास. एकट्याच्या पदात अडचण येत नाही. द्वंद्वगीतात दोघांच्या मधला, साधारण पांढरी चार ते काळी चार या पट्ट्यातला एक सूर शोधावा लागतो, आणि तेथे पुरुषाला तार सप्तकातल्या आणि स्त्रीला मंद्रातल्या काही जागा सोडाव्या लागतात. हे कागदावर ठरत नाही. दोघांना पेटीसमोर उभे करून, संपूर्ण पद गाऊन, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करून ठरवावे.

दुसरी गोष्ट तबल्याची. प्रत्येक नव्या सुराला सुरात लावलेला तबला हवा, आणि प्रयोग चालू असताना फार चढवता-उतरवता येत नाही. म्हणून संपूर्ण नाटकात शक्यतो तीनच सूर ठेवावेत. काळी एकला लावलेला तबला काळी चारच्या गायिकेला मध्यमात, म्हणजे तिच्या ‘म’ स्वरात, चालतो, पण ज्या रागात शुद्ध मध्यम वर्ज्य आहे किंवा तीव्र मध्यम प्रमुख आहे तेथे तो खुपतो. अशा पदांसाठी स्वतंत्र तबला ठेवावा. पदक्रमांक, गायक, सूर, ताल, कोणता तबला, आणि कोणत्या वाक्यावर सूर द्यायचा, असा तक्ता ऑर्गनवादक आणि तबलजी यांच्यासमोर प्रत्येक तालमीत असावा.

इशारा : ‘आवाज बसला तर अर्धा सूर उतरवू’ ही तरतूद आधी करून ठेवावी. कोणती पदे उतरवता येतील आणि तेव्हा कोणता तबला लागेल, हे तक्त्यात दुसऱ्या शाईने लिहावे.

८. तालमींचा क्रम

पहिले तीन-चार आठवडे फक्त संगीताच्या बैठका घ्याव्यात. त्याच काळात प्रत्येकाने आपली नक्कल, म्हणजे आपल्या भूमिकेचे संवाद, पाठ करावेत. नंतर पदांसह बैठी वाचने सुरू करावीत, आणि येथे पेटी पहिल्या दिवसापासून हवी. गद्याच्या तालमी एका खोलीत आणि पदांच्या दुसऱ्या खोलीत, व दोघांची गाठ शेवटच्या आठवड्यात, ही पद्धत वेळ वाचवते असे वाटते; प्रत्यक्षात ती बोलणारा नट आणि गाणारा नट अशी दोन माणसे तयार करते. प्रेक्षकाला तो सांधा दर वेळी दिसतो.

वाचनातच उचल घोटून घ्यावी. पदाआधीच्या शेवटच्या वाक्याचा आवाज, त्यातला शेवटचा अक्षरभार, तेथे ऑर्गनचा स्वर येणे आणि नटाने शब्द उचलणे, हे सर्व एका श्वासात झाले पाहिजे. लांबलचक सुरावट वाजेपर्यंत नट वाट पाहत उभा आहे, असे दिसता कामा नये. आम्ही एका तालमीत फक्त उचली घेतो : प्रत्येक पदाआधीची तीन वाक्ये आणि पदाची पहिली ओळ, बस्स. वीस पदांना पाऊण तास लागतो आणि त्याचा उपयोग दुसऱ्या कोणत्याही सरावापेक्षा जास्त होतो.

उभ्या तालमीत सर्वाधिक दुर्लक्ष होते ते पद ऐकणाऱ्या पात्राकडे. गाणारा तीन मिनिटे गातो, तेव्हा समोरचा काय करतो? बहुतेक प्रयोगांत तो हात बांधून प्रेक्षकांकडे पाहतो, किंवा मान डोलावून दाद देतो, जणू मैफलीत बसला आहे. पद हे त्याला उद्देशून म्हटलेले बोलणे आहे. कोणत्या ओळीला त्याला राग येतो, कोठे तो उत्तर देऊ पाहतो आणि देत नाही, कोणत्या कडव्यावर त्याचे मन बदलते, हे दिग्दर्शकाने ओळीगणिक ठरवून द्यावे. गाणाऱ्यालाही त्यामुळे आलापात नुसते गाण्याऐवजी कोणाला तरी काही सांगण्याचे कारण मिळते. ताना किती घ्यायच्या, या नित्याच्या वादाचे उत्तरही यातच आहे : समोरचे पात्र ज्या क्षणी ऐकून पुरे झालेले असते, त्याच्या आधी तान संपावी.

वन्समोअरचा नियम तालमीतच ठरवावा. आम्ही फक्त शेवटचा अंतरा पुन्हा घेतो, खूण ऑर्गनवादक देतो, आणि कथानक वेगात असलेल्या दोन पदांना वन्समोअर घेतच नाही. ती दोन पदे कोणती, हे सर्वांना माहीत असते. ऐकणारे पात्र त्या वेळी कोणत्या जागी परत जाते, हेही बसवून घ्यावे.

प्रॉम्प्टरला पदेही तोंडपाठ असावीत. गद्य विसरलेला नट सावरून घेतो. अंतऱ्याचा शब्द विसरलेल्याला सावरायला ठेका थांबत नाही.

पूर्ण पोशाखात, दागिन्यांसह, प्रकाशासह किमान दोन रंगीत तालमी घ्याव्यात. एकीच्या मागे दुसरी लगेच नको. मध्ये निदान दोन दिवस हवेत, म्हणजे दिसलेल्या चुका दुरुस्त करता येतात आणि आवाजालाही विश्रांती मिळते.

९. साथ, ध्वनी, पडदे

खरा पायपेटीचा ऑर्गन मिळत असेल तर तो वापरावा, पण दोन आठवडे आधी आणून त्याचा सूर तबल्याशी आणि इतर पेटीशी जुळतो का ते पाहावे. जुने ऑर्गन थोडे चढे किंवा उतरे असतात आणि ते प्रयोगाच्या दिवशी बदलता येत नाहीत. साथीदार असे बसावेत की त्यांना नटाचा चेहरा दिसेल. विंगेत आडोशाला बसवले तर उचल हमखास चुकते. कपड्याला लावायचा माईक शेल्यावर आणि मंगळसूत्राजवळ खरखरतो. त्याची जागा वेशभूषाकाराबरोबर ठरवावी. नटांना ऑर्गन ऐकू येईल असा एक ध्वनिक्षेपक रंगमंचाच्या दिशेने हवाच.

नेपथ्यावर छोट्या संस्था वाजवीपेक्षा जास्त खर्च करतात. भाड्याने मिळणारे राजवाडा, बाग आणि रस्ता हे तीन रंगवलेले पडदे बहुतेक नाटकांना पुरतात. रस्त्याच्या पडद्यापुढे छोटा प्रवेश चालू असताना मागचे सामान बदलते. ही जुनी सोय संहितेतच बसवलेली असते, म्हणून संपादनात असे छोटे प्रवेश सरसकट गाळले की प्रवेशबदलाला अंधारात थांबावे लागते. वाचलेले पैसे साथीदारांच्या मानधनाकडे वळवावेत आणि त्यांना तालमींचेही मानधन द्यावे.

१०. प्रयोगाचा दिवस आणि त्यानंतर

ऑर्गन आणि तबला सर्वांत आधी नाट्यगृहात पोहोचावेत आणि वातानुकूलन सुरू झाल्यावर तबला पुन्हा लावावा, कारण थंड हवेत तो हलतो. प्रत्येक गायकाने आपल्या पहिल्या पदाची पहिली ओळ रंगमंचावर उभे राहून एकदा म्हणावी. पूर्ण पदे गाऊन आवाज खर्च करू नये. पूर्वी नाटकाबरोबर पदांचे छोटे पुस्तक विकत मिळत असे. आज एक दुमडलेला कागद पुरतो : पदाची पहिली ओळ, राग, पदकार, चाल कोणाकडून मिळाली आणि कोणती चाल नवी आहे.

दुसऱ्या प्रयोगाची तारीख पहिल्याच्या आधी घेतलेली असावी आणि ती महिन्याभराच्या आतली असावी. पहिल्या प्रयोगानंतर आठवड्याच्या आत सर्वांनी बसून प्रत्येक पदाला प्रत्यक्ष किती मिनिटे लागली, कोठे उचल चुकली, कोणत्या वाक्याला प्रेक्षक हरवले, हे संहितेच्या एकाच प्रतीत लिहावे. चालींची ध्वनिमुद्रणे, सुरांचा तक्ता, आवृत्त्यांमधले फरक आणि ही प्रत एकत्र बांधून संस्थेकडे ठेवावी, आणि तिची एक नक्कल, ज्यांनी चाली शिकवल्या त्यांच्या घरी नेऊन द्यावी.